फादर जोसेफ वाझ यांची जपमाळ

माळेचे मणी ओढीत ईश्वराचें नामस्मरण करण्याची चाल आपल्या देशांत कोणासही नवी नाहीं. वारकरी गळ्यांत तुळशीची माळ घालतो, शिवभक्त रुद्राक्षांवर जप करितो, आणि मुसलमान बांधव तसबीचे मणी मोजीत अल्लाचीं नांवें घेतात. कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या घरींही अशीच एक माळ खुंटीस टांगलेली किंवा उशाशीं ठेविलेली आढळते. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं ती आपल्या सोबत्यांच्या घरीं पाहिली असेल. परंतु हीच माळ गळ्यांत घालून एक गोमंतकीय धर्मगुरु परक्या व वैरी सत्तेच्या बेटांत शिरला, तेथें तीस वर्षें निराधार होऊन राहिलेल्या लोकांस त्यानें शोधून काढिलें, आणि पुढें सुमारें चोवीस वर्षें त्यांच्याकरितां झिजून तेथेंच देह ठेविला, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक असते. त्या सत्पुरुषाचें नांव फादर जोसेफ वाझ.

त्यांचा जन्म ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील सासष्टी प्रांतांत बाणावली येथें झाला. हें त्यांचें आजोळ. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळ गांवचे. आईचें नांव मरिया दि मिरांदा. सहा भावंडांत जोसेफ हे तिसरे. गोव्यावर त्या वेळीं पोर्तुगीजांचें राज्य होतें. पण घरांतील बोलणें कोंकणींत चाले. सांकवाळच्या शाळेंत त्यांनीं पोर्तुगीज भाषा शिकून घेतली व बाणावलीस लॅटिनचा अभ्यास केला. पुढील शिक्षणासाठीं त्यांस राजधानींत, म्हणजे हल्लीं ज्यास जुनें गोवें म्हणतात तेथें, धाडण्यांत आलें. जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजांत साहित्य व वक्तृत्व, आणि डोमिनिकन संन्याशांच्या सेंट थॉमस अ‍ॅक्विनस विद्यालयांत तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या, असा त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला.

येथें त्या माळेविषयीं चार शब्द सांगणें जरूर आहे, कारण तिची माहिती नसेल तर पुढील कथेंतील मर्म कळावयाचें नाहीं. गोमंतकीय ख्रिस्ती घरांत दिवेलागणीस सर्व मंडळी एकत्र बसून ही माळ म्हणतात. तिला तेथें तेर्स असें नांव आहे. तेर्स हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आलेला असून त्याचा अर्थ तिसरा हिस्सा. कशाचा तिसरा हिस्सा? तर संपूर्ण जपमाळ पूर्वीं पंधरा दशकांची असे. एक दशक म्हणजे नमो मरिया ही प्रार्थना दहा वेळां म्हणणें, आणि प्रत्येक दशकाच्या आरंभीं प्रभु येशूनें शिष्यांस शिकविलेली प्रार्थना एकदां म्हणणें. असे एकंदर दीडशें जप होत. कामकरी माणसांच्या घरीं रोज इतकें म्हणणें कठीण. म्हणून पांच दशकांवर, म्हणजे पन्नास जपांवर, समाधान मानीत. हातांतील माळही त्याच हिशेबानें केलेली असते. पन्नास लहान मणी, दर दहांच्या मध्यें एक मोठा, आणि खालीं थोड्या मण्यांच्या शेपटास लोंबणारा क्रूस.

दीडशें ही संख्या कोठून आली, हेंही ऐकण्यासारखें आहे. बायबलांत दीडशें स्तोत्रें आहेत. युरोपांतील मठांत शिकलेले संन्यासी तीं लॅटिनमध्यें गात असत. ज्यांस अक्षरओळख नसे असे मठांतील साधे बंधु व बाहेरचे शेतकरी ह्या स्तोत्रांच्या ऐवजीं तितक्याच वेळां एखादी पाठ असलेली प्रार्थना म्हणत, आणि मोजणी चुकूं नये म्हणून दोरींत मणी ओवीत. ही एका अर्थीं निरक्षरांची पोथीच होती. इंग्रजींत मण्यास जो बीड शब्द आहे त्याचा मूळ अर्थच मुळीं प्रार्थना असा आहे. प्रार्थना मोजतां मोजतां मण्यासच तें नांव पडलें. पुढें पंधराव्या शतकांत प्रत्येक दशकाबरोबर येशू व मरिया यांच्या चरित्रांतील एकेका प्रसंगाचें चिंतन करण्याची पद्धति रूढ झाली. ह्या प्रसंगांस रहस्यें म्हणतात: पांच आनंदाचीं, पांच दुःखाचीं व पांच गौरवाचीं. त्यांत २००२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं प्रकाशाचीं म्हणून आणखी पांच घातलीं. रोझरी हें माळेचें नांव ज्या लॅटिन शब्दावरून आलें त्याचा अर्थ गुलाबांची बाग. प्रत्येक जप हें मरियेस वाहिलेलें एक फूल, ही त्यांतील कल्पना.

संत डोमिनिक यांस मरियेनें स्वतः दर्शन देऊन ही माळ दिली, अशी एक गोड आख्यायिका आहे. परंतु ती त्यांच्या मागून सुमारें अडीचशें वर्षांनीं प्रसार पावलेली दिसते, आणि इतिहाससंशोधक तिला आधार आहे असें मानीत नाहींत. आम्हांस तर असें वाटतें कीं, हजारों अज्ञात लोकांच्या बोटांनीं हळूहळू घडत गेलेली माळ ही त्या आख्यायिकेंतील माळेहून यत्किंचितही कमी मोलाची नाहीं. पोप पांचवे पायस यांनीं १५६९ सालीं ह्या जपाची रीत अधिकृतपणें सांगितली. दोनच वर्षांनीं, ता. ७ ऑक्टोबर १५७१ रोजीं, लेपांतोच्या आरमारी लढाईंत तुर्कांचा पराभव झाला व तें ह्या जपाचें फळ मानण्यांत आलें; तेव्हांपासून तिचा प्रसार फारच वाढला.

ह्या माळेचा एक गुण मात्र वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. मिस्सेस धर्मगुरु लागतो, वेदी लागते. माळेस त्यांपैकीं कांहींच लागत नाहीं. पुस्तक नको, दिवाही नको. काळोखांत, दार लावून, ओठ न हालवितां ती म्हणतां येते. गिरिजाघर पाडलें आणि पाद्री हांकून दिला तरी ती घरांत राहते.

१६७६ सालीं गोव्याचे आर्चबिशप आंतोनियु ब्रांदांव यांच्या हस्तें जोसेफ वाझ यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. दीक्षेनंतर लवकरच त्यांनीं वहाणा टाकून दिल्या व गरीब लोक चालतात तसें अनवाणी चालूं लागले. प्रवचनकार म्हणून त्यांची ख्याति झाली, सांकवाळास त्यांनीं मुलांकरितां लॅटिनची शाळा काढिली. पण त्यांचें मन अशा सुखाच्या कामांत रमेना. ता. ५ ऑगस्ट १६७७ रोजीं त्यांनीं एक दस्तऐवज लिहिला, आणि आपण पवित्र मरियेचे कायमचे दास झालों असें त्यांत नमूद करून खालीं सही केली. त्या काळीं गोव्यांत गुलामांची उघड खरेदी-विक्री होत असे. दास ह्या शब्दाचें वजन किती, हें तेथील माणसास समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ह्याच सुमारास सिलोन बेटांतून, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतून, दुःखद बातम्या येत होत्या. पोर्तुगीज लोक तेथें १५०५ सालीं प्रथम उतरले होते, व पुढें त्यांच्या अमदानींत किनाऱ्यावरील पुष्कळ लोक कॅथलिक झाले होते. नंतर वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, व्यापारी कंपनीनें १६५६ मध्यें कोलंबो व १६५८ मध्यें जाफना काबीज केलें. डच हेही ख्रिस्तीच. परंतु ते प्रोटेस्टंट पंथाचे, आणि कॅथलिक प्रजा मनानें पोर्तुगीजांचीच राहील ही त्यांस सदैव धास्ती. धर्मद्वेष व राजकारण हीं दोन्हीं येथें एकत्र मिळालीं. कॅथलिक पाद्र्यांस हद्दपार करण्यांत आलें, आणि जो कोणी अशा पाद्र्यास घरांत थारा देईल त्यास देहान्त शासन होईल असा हुकूम निघाला. कॅथलिक गिरिजाघरें डच पंथाकडे गेलीं. मुलाचा बाप्तिस्मा तेथें, लग्नाची नोंद तेथें, आणि सरकारी कामांत शिरकाव हवा असेल तर तोही त्याच दारांतून. अनेकांनीं मनापासून पंथ बदलला. अनेकांनीं केवळ बाहेरून बदलला. दिवसां ते डच प्रार्थनेस हजर राहत, आणि रात्रीं घरांत दार लावून आपली जुनी प्रार्थना म्हणत.

ह्या स्थितींत एक पिढी गेली. १६५८ सालीं जाफन्यांत जें मूल जन्मलें असेल तें १६८७ त एकोणतीस वर्षांचें होऊन स्वतः लेंकुरवाळें झालें असेल. पण उभ्या जन्मांत त्यानें आपल्या धर्माचा गुरु पाहिलेला नसावा. त्याच्या ठायीं धर्माचें जें कांहीं शिल्लक होतें तें घरच्या वडील माणसांनीं तोंडीं शिकविलेलें आणि बोटांनीं मोजलेलें एवढेंच.

फादर वाझ यांनीं सिलोनास जाण्याची इच्छा वरिष्ठांस कळविली. परंतु १६८१ सालीं त्यांस नेमणूक मिळाली ती कानडा प्रांताची. तेथें एक निराळेंच दुखणें होतें. पोर्तुगालच्या राजाच्या अधिकारांतील धर्माधिकारी एकीकडे, आणि रोमहून परभारें नेमलेले बिशप थॉमस दि कास्त्रो दुसरीकडे. दोघांच्या अधिकाराच्या तंट्यांत सामान्य लोक गोंधळून गेले होते. वाझ यांनीं ह्या आगींत तेल ओतलें नाहीं. मंगळूर, बसरूर, बारकूर, कुंदापूर, गंगोळी इत्यादि ठिकाणीं पायीं हिंडून त्यांनीं मोडकळीस आलेलीं गिरिजाघरें नीट केलीं, शाळा घातल्या, आणि तीन वर्षांनीं, १६८४ मध्यें, ते गोव्यास परतले. मनांतील बेत तसाच होता.

जुन्या गोव्यांत टेकडीवरील होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स ह्या गिरिजाघरीं कांहीं गोमंतकीय धर्मगुरु एकत्र राहून साधनेचें जीवन घालवूं पाहत होते. युरोपीय संन्याशांच्या संघांत देशी माणसास त्या काळीं सहसा प्रवेश मिळत नसे. रंग आड येई. म्हणून ह्या मंडळीनें आपलाच आश्रम उभारण्याचें मनांत आणिलें. १६८५ च्या २५ सप्टेंबर रोजीं फादर वाझ त्यांस जाऊन मिळाले. लवकरच ते त्यांचे प्रमुख झाले व संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरी नामक संघाचे नियम त्यांनीं आश्रमास लावून दिले. पुढें सिलोनांत जें कार्य झालें तें ह्याच आश्रमाच्या जोरावर. देशी माणसांनीं, देशी माणसांच्याच नेतृत्वाखालीं, परक्या मुलखांत जाऊन इतकें मोठें धर्मकार्य चालविल्याचें उदाहरण त्या शतकांत आम्हांस तरी दुसरें आठवत नाहीं.

१६८६ मध्यें त्यांनीं गोवें सोडलें. बरोबर जॉन नांवाचा एक तरुण सेवक होता. किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेकडे जात, वाटेंत तमिळ भाषा शिकत, ते तुतिकोरीनास पोहोंचले. हें बंदरही डचांच्याच ताब्यांत. पाद्र्याचा झगा अंगावर ठेवून गलबतावर पाऊल ठेवणें अशक्य होतें. फादर वाझ यांनीं झगा उतरविला, मजुराचीं फाटकीं वस्त्रें नेसलीं, आणि १६८७ सालीं ते जाफन्यास जाऊन उतरले.

प्रवास इतका हालाचा झाला होता कीं, उतरतांच गुरु व सेवक दोघेही हगवणीनें आजारी पडले. परक्या गांवांत ना ओळख, ना पैसा. चरित्रकार सांगतात कीं, एका दयाळू बाईनें त्यांस रोज पेज आणून घातली व त्यावर त्यांचे प्राण वांचले. ती कोण, कोणत्या धर्माची, हें कोणी लिहून ठेविलेलें नाहीं. फादर वाझ यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया त्या भांडेंभर पेजेवर उभा आहे, असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं.

बरें वाटूं लागल्यावर खरी अडचण उभी राहिली. ज्यांच्याकरितां एवढा खटाटोप केला ते कॅथलिक लोक ओळखावयाचे कसे? ते बाहेरून डच गिरिजाघरांत जाणारे. त्यांस उघड विचारावें तर ते भीतीनें नाकारणार. विचारलेला माणूस भलताच निघाला तर विचारणारा पकडला जाणार, आणि त्यास भाकर देणाऱ्या घराचा नाश होणार. शब्द एकदां तोंडांतून गेला म्हणजे परत घेतां येत नाहीं. तेव्हां फादर वाझ यांनीं शब्द टाकून दिला. त्यांनीं आपली मोठी जपमाळ गळ्यांत घातली, आणि हातीं भिक्षेचें पात्र घेऊन ते दारोदार फिरूं लागले.

ही युक्ति वरवर साधी दिसते. पण तिच्यांतील धोका लहान नव्हता. भिकाऱ्याच्या गळ्यांतील माळेकडे सहसा कोणी पाहत नाहीं. ज्यास त्या मण्यांचा अर्थ ठाऊक नाहीं त्याच्या दृष्टीनें ती कसलीही माळ. पण ज्यानें लहानपणीं काळोखांत तेच मणी ओढले आहेत, त्याची दृष्टि तेथें अडखळल्यावांचून राहणार नाहीं. भिकारी मूठभर तांदूळ मागे व घरच्या माणसांच्या चेहऱ्याकडे पाही. कोणाच्या मुद्रेवर कांहींच उमटत नसे. कोणाच्या मुद्रेवर भीति उमटे. आणि कोणाच्या डोळ्यांत ती माळ पाहून निराळाच ओलावा येई. माळ हा त्यांचा प्रश्न होता व डोळे हें उत्तर. परंतु तीच माळ डचांच्या एखाद्या हेरास ओळखूं आली असती तर सर्वच आटोपलें असतें. ह्या प्रश्नाची किंमत विचारणाऱ्याचा जीव ही होती, आणि तो प्रश्न गळ्यांत घालून त्यांनीं दिवसाढवळ्या रस्त्यानें फिरावें!

फादर वाझ यांनीं घाई केली नाहीं. अनेक दिवस पारख करून, ज्यांच्या निष्ठेविषयीं खात्री पटली अशांसच त्यांनीं आपण धर्मगुरु असल्याचें सांगितलें. एकानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास, अशी बातमी गुप्तपणें पसरली. जाफन्याजवळ सिल्लालै नांवाचें गांव आहे. तेथील लोक धर्मास चिकटून राहिलेले होते. त्यांनीं फादरांस आपल्या गांवीं नेलें. तेव्हांपासून रात्रीं मिस्सा, रात्रींच बाप्तिस्मे, रात्रींच लग्नें, आणि तीस वर्षांचीं सांठलेलीं पापनिवेदनें ऐकण्याचें काम सुरू झालें. उजाडण्यापूर्वीं मंडळी पांगे व फादर दुसऱ्या घरीं जात. दिवसां ते भिकारी किंवा मजूर.

असें दोन-अडीच वर्षें चाललें. पण इतक्या लोकांच्या मनांत पेटलेला उत्साह झांकून राहणें कठीण. डच अधिकाऱ्यास सुगावा लागला. नाताळच्या वेळीं छापा पडला व जमलेल्या लोकांची धरपकड झाली. कित्येकांस दंड झाले, फटके बसले, कित्येक तुरुंगांत गेले. फादर वाझ मात्र त्यांच्या हातीं लागले नाहींत. आपल्यामुळें दुसऱ्यांवर आणखी संकट येऊं नये म्हणून १६९० मध्यें ते पुत्तलम येथें गेले. हा भाग डचांच्या नव्हे तर कँडीच्या राजाच्या सत्तेंतील होता.

कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध होता. त्याच्या मुलखांत पूर्वीच्या पोर्तुगीज कैद्यांचे वंशज व इतर कॅथलिक बरेच राहत होते. राजाश्रय मिळाला तर साऱ्या बेटांतील कार्यास आधार होईल, ह्या हेतूनें फादर वाझ १६९२ सालीं राजधानीकडे निघाले. परंतु दरबारीं असलेल्या एका फ्रेंच प्रोटेस्टंट गृहस्थानें ते पोर्तुगीजांचे हेर आहेत असें राजाच्या मनांत भरविलें, आणि मान मिळण्याऐवजीं बेडी मिळाली. तुरुंगांत त्यांनीं काय केलें? सिंहली भाषा शिकण्यास आरंभ केला. पहारा हळूहळू सैल होतांच आंतील आवारांतच एक गवताची झोंपडी उभारून तिचें प्रार्थनामंदिर केलें. कँडीचे कॅथलिक तेथें येऊं लागले. ज्या बेटांत पाद्र्यास लपून राहावें लागे, तेथें तुरुंग हीच त्यांची निर्भय जागा ठरली, हें दैवाचें कौतुकच म्हणावयाचें!

त्यांच्या सुटकेविषयीं अशी कथा सांगतात कीं, एका वर्षीं राज्यांत मोठें अवर्षण पडलें, सर्व उपाय थकले, तेव्हां राजानें ह्या कैद्यास प्रार्थना करण्यास सांगितलें. चौकांत वेदी मांडून व क्रूस ठेवून फादर वाझ गुडघे टेकून बसले, आणि मुसळधार पाऊस आला. ते मात्र कोरडे राहिले. ज्यास जसें मानावयाचें असेल त्यानें तसें मानावें. राजानें त्यांस मोकळें केलें व आपल्या राज्यांत धर्मकार्य करण्याची मुभा दिली, हें निश्चित. तेव्हांपासून कँडीहून ते वेष पालटून डचांच्या मुलखांत उतरत, तेथील लोकांस भेटत, आणि पुन्हां डोंगरांत परत येत.

१६९७ सालीं कँडींत देवीची भयंकर सांथ आली. ऐपतदार लोक शहर सोडून गेले. रोग्यांस घरचीं माणसेंही हात लावीनात. त्यांस रानांत नेऊन टाकीत. फादर वाझ यांच्या मदतीस त्या वेळीं गोव्याहून नुकतेच आलेले फादर जोसेफ कार्व्हाल्यु होते. दोघांनीं रोग्यांकरितां खोपटीं बांधलीं, अन्नपाणी पोहोंचविलें, जखमा धुतल्या व मेलेल्यांस मूठमाती दिली. रोगी ख्रिस्ती कीं बौद्ध, हें पाहिलें नाहीं. वादविवादांत जें साधलें नसतें तें ह्या कांहीं महिन्यांत साधलें. राजाचा त्यांच्यावरील विश्वास कायम झाला. डच ख्रिस्ती सरकार ज्यांस मारूं पाहत होतें, त्यांस एका बौद्ध राजानें आसरा दिला, ही गोष्ट आपण विसरूं नये.

पोपच्या वकिलानें त्यांस सिलोनचे बिशप करण्याचें मनांत आणिलें होतें. त्यांनीं तें स्वीकारिलें नाहीं. त्यांस हवीं होतीं ती काम करणारीं माणसें, आणि गोव्याच्या आश्रमांतून एकामागून एक तीं येत गेलीं. १७०५ सालीं आलेले दिवाडी बेटावरील फादर याकोमे गोन्साल्विस यांचा येथें उल्लेख केलाच पाहिजे. फादर वाझ यांनीं त्यांची बुद्धि ओळखून त्यांस सिंहली व तमिळ भाषांच्या अभ्यासास लाविलें. त्यांनीं ह्या दोन्हीं भाषांत इतके ग्रंथ लिहिले कीं, सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक असा त्यांचा आजही गौरव होतो. गोव्याच्या कोंकणी बोलणाऱ्या मुलानें सिंहली भाषेचा ग्रंथकार व्हावें, ह्याचें श्रेय त्याच्या परिश्रमांस जितकें, तितकेंच गुरूच्या पारखीस आहे.

सतत पायीं प्रवास, अपुरें अन्न व रानांतील ताप ह्यांनीं फादर वाझ यांचें शरीर पोखरून टाकिलें होतें. शेवटचे कांहीं महिने ते कँडींत अंथरुणास खिळून होते. ता. १६ जानेवारी १७११ रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, त्यांनीं तेथेंच देह ठेविला. कँडीच्या गिरिजाघरांत त्यांस पुरण्यांत आलें.

त्यांच्या मागून गोव्याच्या आश्रमाचे धर्मगुरु शंभरांहून अधिक वर्षें सिलोनास जात राहिले. डचांची सत्ता १७९६ मध्यें संपली, आणि इंग्रज गव्हर्नर मेटलंड याच्या कारकीर्दींत, १८०६ सालीं, कॅथलिकांविरुद्धचे जुने कायदे रद्द झाले. जाफन्याच्या रस्त्यानें तो भिकारी फिरला त्यास तेव्हां एकशें एकोणीस वर्षें झालीं होतीं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ता. २१ जानेवारी १९९५ रोजीं कोलंबो येथें फादर वाझ यांस धन्य म्हणून जाहीर केलें, व ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्याच शहरांत त्यांस संतपद दिलें. श्रीलंकेचे ते पहिले संत. सांकवाळास दर वर्षीं १६ जानेवारीस त्यांचा सण होतो आणि दूरदूरचे लोक तेथें येतात. कँडींतील त्यांच्या कबरेची नेमकी जागा मात्र आज कोणास दाखवितां येत नाहीं.